रवाल चालीच्या घोड्याची पारख

पुलगाव परिसरातील खरेदीदाराला घोड्यांचे दोन मोठे बाजार राज्यातच उपलब्ध आहेत : तापीकाठच्या सारंगखेड्यात (जि. नंदुरबार) दत्तजयंतीपासून भरणारी एकमुखी दत्ताची यात्रा आणि मार्गशीर्ष वद्यात भरणारी माळेगावच्या (जि. नांदेड) खंडोबाची यात्रा. तेथे मारवाडी व काठियावाडी घोड्यांचे मोल उंची, रंग आणि अंगावरील भोवरे यांबरोबरच चालीवरही ठरते. रवाल म्हणजे एका बाजूचे पुढचे-मागचे पाय लागोपाठ, पण स्वतंत्रपणे टाकण्याची चार ठेक्यांची चाल होय. दुडकीत तिरपे पाय जोडीने पडत असल्याने स्वार उसळतो, तर रवालीत तो खोगिरावर जवळजवळ स्थिर राहतो. पुढचे दुधाचे दात साधारणतः अडीच, साडेतीन व साडेचार वर्षांच्या सुमारास पडून तेथे कायमचे दात येत असल्याने पाच वर्षांपर्यंतचे वय जबड्यावरून बऱ्यापैकी अचूक कळते. ग्लँडर्स हा जिवाणूजन्य रोग माणसालाही होऊ शकत असल्याने रक्ततपासणीचा अहवाल पाहिल्याशिवाय आणि घोडा कठीण जमिनीवर चालवून चाल व लंगडेपणा पारखल्याशिवाय इसार देऊ नये.