जुनी तार, नवा वेग

घर जुनें झालें म्हणून शहाणा गृहस्थ तें पायासकट उकरीत नाहीं. आधीं भिंती ठोकून पाहतो. मोठ्या कचेऱ्या व रुग्णालयें यांतील संगणकजाळ्यांविषयीं आमचें म्हणणें हेंच आहे. भिंतींतून खेळविलेल्या तांब्याच्या तारा बदलावयाच्या म्हणजे छतें उकलणें व रुग्णांच्या खोल्या रिकाम्या करणें आलें.

१९९९ सालीं तांब्याच्या तारेवरील १ गिगाबिट वेगाचें मान ठरलें. २००६ सालीं १० गिगाबिटांचें ठरलें; पण १०० मीटरपर्यंत त्यास ‘कॅट-६ए’ तार लागे. पुढें बिनतारी यंत्रें १ गिगाबिटापलीकडे गेलीं व पेंच पडला. २०१६ च्या ‘८०२.३बीझेड’ मानानें मधली वाट काढली: तेवढ्याच अंतरावर ‘कॅट-५ई’ वरून २.५ आणि ‘कॅट-६’ वरून ५ गिगाबिट.

मात्र दोन्ही टोकांचीं यंत्रें हें नवें मान जाणणारीं हवींत. शिवाय घट्ट जुडग्यांत एका तारेचा गोंगाट दुसरींत शिरतो. म्हणून प्रत्येक तार आधीं तपासावी. ज्यांच्या हातीं असे निर्णय आहेत, त्या वाचकांस आमचें सांगणें इतकेंच कीं, परीक्षेस उतरेल ती तार राखावी, न उतरेल तीच बदलावी.