करमणूकप्रधान बाल-फुटसाल साखळी स्पर्धा : समतोल संघरचना व न्याय्य सहभाग
(करकंब परिसराच्या संदर्भात एक विवेचन)

प्रस्तावना

ग्रामीण महाराष्ट्रातील शालेय क्रीडाजीवन प्रामुख्याने निवडीवर आधारलेले आहे. १४, १७ व १९ वर्षांखालील गटांच्या स्पर्धा तालुक्यापासून राज्यापर्यंत चढत्या क्रमाने होतात. या यशाला शालान्त परीक्षेतील क्रीडागुणांची सवलत आणि शासकीय नोकरीतील ५ टक्के आरक्षण यांची जोड आहे. या व्यवस्थेने गुणी खेळाडू घडविले हे नाकारता येणार नाही. मात्र ती ज्यांना घडवीत नाही त्यांची संख्या फार मोठी आहे. तालुका पातळीवर स्पर्धा बहुधा बाद पद्धतीने होतात. आठ संघांच्या बाद स्पर्धेत एकूण सातच सामने होतात आणि निम्मे संघ पहिल्याच सामन्यानंतर घरी परततात. परतणाऱ्या संघातील राखीव मुलांनी तर चेंडूला स्पर्शही केलेला नसतो. त्यांच्या नावापुढे सहभागाची नोंद होते. प्रत्यक्ष सहभाग मात्र घडत नाही.

या मुलांसाठी स्वतंत्र, करमणूकप्रधान साखळी स्पर्धा कशी चालवावी, तिच्यात न्याय व समतोल कोणत्या उपायांनी साधावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. उदाहरणादाखल पाच खेळाडूंचा बंदिस्त फुटबॉल, म्हणजे फुटसाल, हा खेळ आणि पंढरपूर तालुक्यातील करकंब हे गाव घेतले आहे.

फुटसालच का?

हा खेळ १९३० मध्ये उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओ येथे हुआन कार्लोस सेरियानी या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने तेथील वाय.एम.सी.ए.मध्ये सुरू केला. मैदानाची टंचाई आणि पाऊस या दोन्हींवर त्याने शोधलेला हा तोडगा होता. प्रत्येक बाजूस पाच खेळाडू, कमी उसळणारा चेंडू आणि खेळाडू बदलण्यावर कोणतीही संख्यामर्यादा नाही, ही त्याची ठळक वैशिष्ट्ये. जागा लहान असल्याने प्रत्येक मुलाकडे चेंडू वारंवार येतो. अकरा जणांच्या खेळात कोपऱ्यात उभा राहणारा मुलगा येथे कोपऱ्यात राहू शकत नाही.

आंतरराष्ट्रीय नसलेल्या सामन्यांसाठी फुटसालचे मैदान किमान २५ मीटर लांब व १६ मीटर रुंद असावे लागते. खो-खोचे मैदान २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद असते. म्हणजे ज्या शाळेत खो-खोचे मैदान आखलेले आहे, तेथे फुटसालची जागा तयारच आहे. सोलापूर जिल्ह्यात ही बाब विशेष महत्त्वाची आहे. माळशिरस तालुक्यातील वेळापूर तर खो-खोसाठीच ओळखले जाते. छताखालचे सभागृह मिळाले तर उत्तमच. परंतु या खेळाचे मर्म छतात नसून आखीव, लहान जागेत आहे.

आणखी एक लाभ सहज लक्षात येत नाही. कुस्ती, कबड्डी, खो-खो व क्रिकेट या खेळांत घरातील परंपरेचा वारसा काही मुलांना आधीच मिळालेला असतो. करकंबसारख्या गावात फुटबॉलचा असा वारसा असणारी घरे विरळाच. त्यामुळे मुलगे व मुली, सधन व निर्धन, जवळपास एकाच रेषेवरून प्रारंभ करतात.

संघ कोणाचा?

कोल्हापूरचा फुटबॉल महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम अशी तेथील संघांची नावेच सांगतात की संघ पेठेचा व तालमीचा असतो. त्या अस्मितेमुळे शाहू स्टेडियमवर गर्दी लोटते आणि खेळ पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. प्रौढांच्या स्पर्धेला ही रचना शोभते. दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या करमणूकप्रधान स्पर्धेला ती घातक ठरते. गावात संघ आपोआप जमू दिले, तर ते गल्लीचे, आळीचे, वस्तीचे किंवा भावकीचे होतात. एक संघ बलाढ्य, दुसरा दुबळा होतो आणि गावातील जुन्या रेषा मैदानावर नव्याने आखल्या जातात. म्हणून अशा स्पर्धेत संघ नोंदवून न घेता मुले नोंदवून घ्यावीत आणि संघ आयोजकांनी करावेत. इतर सर्व नियम या एका निर्णयावर अवलंबून आहेत.

अमेरिकेत १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातील टोरन्स येथे स्थापन झालेल्या अमेरिकन युथ सॉकर ऑर्गनायझेशन या संस्थेने हेच तत्त्व स्वीकारले. सर्वांना खुली नोंदणी, समतोल संघ आणि प्रत्येक मुलाला किमान अर्धा सामना खेळण्याची हमी ही तिची प्रमुख सूत्रे आहेत.

तथापि समतोल संघ ही कल्पना परदेशातून आणण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातील खेड्यांत मुले हुतूतू किंवा विटीदांडू खेळताना गडी कसे वाटून घेत, हे आठवावे. दोन म्होरके उभे राहत. उरलेली मुले आपापल्या तोडीचा जोडीदार निवडून बाजूला जात, दोन गुप्त नावे ठरवीत, एक चंद्र तर दुसरा सूर्य, आणि परत येऊन म्होरक्यासमोर ती नावे ठेवीत. म्होरक्याने एक नाव घेतले की तो गडी त्याचा व दुसरा प्रतिपक्षाचा. समान बळाच्या जोड्या लावायच्या आणि जोडीतील वाटप नशिबावर सोपवायचे, ही पद्धत आज संशोधनात प्रयोगगट व नियंत्रितगट पाडताना वापरली जाते. शिवाय जोड्या लावण्याचे काम मुलेच करीत; कोण कोणाच्या तोडीचा, हे त्यांच्याइतके नेमके कोणत्याही प्रशिक्षकाला ठाऊक नसते. याच खेळांत ‘लिंबूटिंबू’ ही सोय होती. लहान भावंड खेळात असे, पण बाद होत नसे. दुर्बलाला वगळण्याऐवजी त्याच्यापुरता नियम शिथिल करणे, हा न्यायाचा एक प्रगल्भ विचार आहे. संघटित स्पर्धा आल्या तेव्हा तो मागे पडला.

समतोलाची कृती

दोनापेक्षा अधिक संघ असतील तर जोड्यांऐवजी नागमोडी वाटप करावे. ४८ मुले व सहा संघ आहेत असे मानू. एका चाचणी-सत्रात, शक्यतो मुलांचे नातेवाईक नसलेल्या दोन-तीन शिक्षकांनी, मुलांची खेळगुणांनुसार क्रमवारी लावावी. पहिल्या फेरीत १ ते ६ क्रमांकाची मुले पहिल्या ते सहाव्या संघास द्यावीत. दुसऱ्या फेरीत ७ ते १२ ही मुले उलट क्रमाने, म्हणजे ७ वा सहाव्या संघास व १२ वा पहिल्या संघास. प्रत्येक संघाच्या पहिल्या दोन क्रमांकांची बेरीज १३ येते. आठ फेऱ्यांनंतर सहाही संघांच्या क्रमांकांची बेरीज सारखी होते.

अर्थात क्रमांक सारखे झाले म्हणजे बळ सारखे झाले असे नव्हे. पहिल्या व दुसऱ्या मुलांतील अंतर पुष्कळदा दुसऱ्या व दहाव्या मुलांतील अंतरापेक्षा मोठे असते. म्हणून दोन फेऱ्यांच्या सामन्यांनंतर एकदा, आणि एकदाच, अदलाबदल करण्याचा अधिकार आयोजकांनी आरंभीच जाहीर करून राखून ठेवावा. प्रशिक्षक पालक असेल तर त्याचे मूल त्याच्याच संघात जाते. मात्र ते त्याच्या योग्य क्रमांकाच्या फेरीतील निवड म्हणून धरावे. अन्यथा चांगल्या खेळाडूंच्या वडिलांनी प्रशिक्षकपद मागणे, हा समतोल मोडण्याचा सर्वांत सभ्य मार्ग ठरतो. एका वस्तीवरून एकाच वाहनाने येणाऱ्या भावंडांना एकत्र ठेवावे लागेल; ही तडजोड मान्य करावी, कारण न येऊ शकणाऱ्या मुलासाठी समतोलाला काहीच अर्थ नाही.

वय व शरीर

वयोगट पाडल्याने विषमता संपत नाही. एकाच वर्षात जन्मलेल्या मुलांपैकी वर्षाच्या प्रारंभी जन्मलेली मुले निवडक संघांत अधिक आढळतात, हे कॅनडातील आइस हॉकीच्या अभ्यासातून रॉजर बार्न्सली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखविले. उंची वाढण्याचा सर्वाधिक वेग मुलींत सरासरी बाराव्या व मुलांत चौदाव्या वर्षाच्या सुमारास येतो. म्हणजे १४ वर्षांखालील गटात वाढ झालेली व न झालेली शरीरे समोरासमोर येतात. आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. शाळेत नाव घालताना सोयीची म्हणून लिहिली गेलेली १ जून ही जन्मतारीख ग्रामीण महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. कागदावरील वयावर विसंबून केलेला गट कितपत खरा, हा प्रश्न म्हणून येथे अधिक टोकदार होतो.

देशी खेळांनी याचे उत्तर पूर्वीच शोधले होते. कबड्डीत वयासोबत वजनाची मर्यादा असते. खो-खोमध्ये सेंटिमीटरमधील उंची, किलोग्रॅममधील वजन व वर्षांतील वय यांची बेरीज करून गट ठरविण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ होती. १५० सेंटिमीटर उंचीच्या, ४२ किलोग्रॅम वजनाच्या, १४ वर्षांच्या मुलाचा निर्देशांक २०६ येतो. ही बेरीज शास्त्रीय दृष्ट्या ढोबळ आहे; परंतु तिला फक्त फूटपट्टी व वजनकाटा लागतो आणि ती तारखेइतकी सहज बदलता येत नाही. करमणूकप्रधान फुटसालसाठी गट पाडताना ती आजही उपयुक्त ठरेल.

खेळण्याच्या वेळेचे गणित

चाळीस मिनिटांच्या सामन्याचे पाच-पाच मिनिटांचे आठ खंड पाडावेत. प्रत्येक खंडात पाच जागा, म्हणजे एकूण ४० जागा. संघात आठ मुले असल्यास प्रत्येकास पाच खंड, म्हणजे २५ मिनिटे मिळतात. दहा मुले असल्यास चार खंड, म्हणजे २० मिनिटे. बारा मुले झाली की निम्म्या सामन्याची हमी गणितानेच अशक्य होते. ‘सर्वांना खेळवा’ असे प्रशिक्षकास बजावण्यापेक्षा संघात दहापेक्षा अधिक मुले न घेणे अधिक परिणामकारक आहे. खंडांचा तक्ता सामन्यापूर्वी गुणलेखकाकडे द्यावा. सामना अटीतटीचा झाल्यावर तो बदलू नये. गोलरक्षणही आळीपाळीने करावे. ते एकाच मुलाच्या माथी मारले जाते, आणि तो मुलगा कोण असतो हे कोणत्याही शारीरिक शिक्षण संचालकास सांगावे लागत नाही.

सहा संघांच्या साखळीत १५ सामने होतात आणि प्रत्येक संघास पाच सामने मिळतात. दर रविवारी तीन सामने घेतल्यास पाच रविवारांत एका मैदानावर स्पर्धा पूर्ण होते. गोलफरक पाचावर गेल्यास मागे असलेल्या संघास सहावा खेळाडू द्यावा. हा लिंबूटिंबूचाच संघपातळीवरील अवतार होय.

गुण कशाला द्यावेत?

नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडा प्राध्यापक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉल स्पर्धा सुरू केली. पुढे तिच्यातून ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. याच कार्यावर करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांनी २०२२ मध्ये ‘झुंड’ हा चित्रपट केला. या संस्थेने ‘फुटबॉल-थ्री’ ही पद्धतही वापरली. तीत सामन्यापूर्वी दोन्ही संघ बसून नियम ठरवितात, पंचाऐवजी मध्यस्थ असतो आणि सामन्यानंतर संघ एकमेकांच्या वर्तनाला गुण देतात. ते गुण गोलांच्या निकालात मिळविले जातात. तिचे मूळ कोलंबियातील मेडेयीन शहरात आहे. १९९४ मध्ये आंद्रेस एस्कोबार या खेळाडूची तेथे हत्या झाली. त्यानंतर १९९६ मध्ये युर्गन ग्रीसबेक यांनी तेथील तरुणांसाठी जो उपक्रम सुरू केला, त्यात मुली व मुलगे एकाच संघात खेळत आणि पहिला गोल मुलीनेच करावा असा नियम होता. परिणामी मुलींकडे चेंडू देणे हे सौजन्य न राहता डावपेचाचा भाग झाले. मिश्र संघ करताना मुलींना नावापुरते घेण्याची आपल्याकडील प्रवृत्ती पाहता हा नियम जसाच्या तसा उचलण्याजोगा आहे. वर्तनाच्या गुणांबाबत मात्र सावधगिरी हवी. गुणांसाठी परस्परांची स्तुती करण्याचे तंत्र मुले लवकर आत्मसात करतात. पूर्ण सामन्यास तीन गुण व वर्तनास एक, इतके प्रमाण पुरेसे आहे.

नोंदणी व हंगाम

करकंबच्या परिसरात ऊस मोठ्या प्रमाणावर होतो. गळीत हंगामात, साधारणपणे दिवाळीच्या सुमारास, बीड व अन्य जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांची कुटुंबे येथे येतात आणि त्यांची मुले फडाजवळच्या कोप्यांवर राहतात. दिवाळीच्या सुट्टीतील स्पर्धेची नोंदणी सप्टेंबरअखेर बंद केली तर ही मुले नियमानेच बाहेर राहतात. त्यासाठी प्रत्येक संघात प्रारंभी आठच मुले घेऊन दोन जागा मोकळ्या ठेवाव्यात आणि दुसऱ्या रविवारपर्यंत येणाऱ्या मुलांना, क्रमवारी लावून, याच नागमोडी पद्धतीने त्या द्याव्यात. शाळेचा दाखला मागू नये; निर्देशांकासाठी उंची व वजन मैदानावर मोजावे आणि वय पालकांच्या सांगण्यावरून लिहावे. नोंदणी शुल्क ठेवू नये, आणि बुटांची सक्तीही नको. सर्वांनी एकतर बूट घालून किंवा सर्वांनी अनवाणी खेळावे, म्हणजे पायांना इजा होण्याचा धोका एकाच बाजूस राहत नाही.