वाघाला येणारा भाताचा वास

मार्चअखेरीला देवरी-सालेकसाच्या जंगलात पहाटे शिरलात तर मोहाखाली पिवळसर, रसाळ फुलांचा सडा पडलेला दिसेल. बायका टोपल्या घेऊन तो वेचत असतात. मोह फुलतो रात्री, कारण त्याचं मुख्य गिऱ्हाईक वटवाघूळ; वासाचं आमंत्रण त्यालाच. ताजं फूल नाकाशी धरा. मधासारख्या गोडव्याखाली सुवासिक भाताची वाफ येते. ज्याच्या घरी चिन्नोर तांदूळ शिजतो, त्याला ती लगेच ओळखू येईल.

हा भास नव्हे. दोन्हींकडे रेणू एकच आहे: २-अ‍ॅसिटिल-१-पायरोलिन. पाण्याच्या १० अब्ज भागांत याचा एक भाग असला तरी आपल्या नाकाला कळतो. बासमतीत तो आहे, पांदानच्या पानात आहे, आणि खरी गंमत अशी की नागझिऱ्याच्या वाघातही आहे! वाघ शेपटी वर करून झाडावर जी पिचकारी मारतो, तिला भाताचा वास येतो. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधले रतनलाल ब्रह्मचारी आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० साली ‘नेचर’मध्ये हे मांडलं.

पण हा रेणू भलताच उडाणटप्पू. शुद्ध स्वरूपात तो फार काळ टिकत नाही. मग वाघाचा इशारा झाडावर कित्येक दिवस कसा राहतो? त्या द्रवात स्निग्ध पदार्थ असतात. ते वासाला धरून ठेवतात आणि हळूहळू सोडतात.

नेमकं हेच अत्तरवाल्याचं कसब. १९२१ साली अर्नेस्ट बो यानं कोको शनेलसाठी ‘नंबर ५’ हे अत्तर घडवलं तेव्हा चमेली, गुलाब आणि इलांग-इलांग यांच्या तळाशी चंदनासारखी जड, सावकाश उडणारी द्रव्यं होती. कस्तुरी-मांजराचा स्रावही पूर्वी त्यात असे. कन्नौजचा अत्तरवाला फुलांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतो, तेही याचसाठी. निव्वळ फुलांचं अत्तर अंगावर दुपारही गाठणार नाही. आणि ज्याला आपण निव्वळ फूल समजतो ते तरी कुठे निव्वळ असतं? चमेलीच्या वासात इंडोल असतं. तेच विष्ठेतही सापडतं. ते एकटं हुंगलं तर नाक मुरडाल, पण काढून टाकलं तर चमेली बेचव होते. सुगंधाच्या बाबतीत सोवळं पाळून चालत नाही, असं माझं मत आहे.

विदर्भाच्या मे महिन्यात मात्र महागडी बाटलीही लवकर हार मानते. उन्हानं हलके रेणू भराभर उडतात. सकाळी लावलेली फुलं दुपारी गायब, मागे उरतं ते चंदन-व्हॅनिला. कोरड्या त्वचेवर तर आणखीच लवकर. म्हणून आंघोळीनंतर बिनवासाच्या तेलाचा किंवा क्रीमचा पातळ हात फिरवा आणि मगच अत्तर लावा. ओढणीच्या टोकावर लावलंत तर अंगापेक्षा जास्त वेळ राहील, फक्त रेशमावर डाग पडतो का ते आधी एका कोपऱ्यात पाहून घ्या.