जतन कोणी करावयाचे?

ब्रिटनच्या बीबीसीने 'डॉक्टर हू' ही विज्ञानमालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू केली. काळात मागेपुढे संचार करणाऱ्या प्रवाशाची ही कथा लोकांना अतोनात आवडली. असे असूनही तिचे १९६०च्या दशकातील नव्वदहून अधिक भाग आज पाहावयास मिळत नाहीत. ते बीबीसीनेच पुसून टाकले. चित्रफिती महाग होत्या व पुसून पुन्हा वापरता येत. कलावंतांशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या. शिवाय रंगीत चित्रवाणी आल्यावर कृष्णधवल भागांना कोण विचारतो, असाही हिशेब होता.

तथापि या प्रत्येक भागाचा ध्वनी आज ऐकता येतो, कारण काही प्रेक्षकांनी घरी टेपरेकॉर्डर लावून तो टिपून ठेवला होता. परदेशी विकलेल्या प्रतींनीही थोडा हात दिला. नायजेरियातून नऊ भाग परत मिळाल्याचे २०१३ साली जाहीर झाले.

संगणकाच्या बाबतीतही याच संस्थेला असाच धडा मिळाला. इंग्लंडमधील १०८६ सालच्या जमीन-पाहणीची 'डूम्सडे' नोंदवही प्रसिद्ध आहे. तिच्या नवशताब्दीनिमित्त १९८६ मध्ये बीबीसीने लाखो नागरिकांच्या साह्याने देशाची नवी नोंद केली आणि ती लेसर-तबकड्यांवर साठवली. चर्मपत्रावरची जुनी वही आजही वाचता येते. नव्या तबकड्या वाचणारी यंत्रे मात्र पंधरा-सोळा वर्षांतच दुर्मीळ झाली. अखेर लीड्स व मिशिगन विद्यापीठांतील संशोधकांनी जुन्या यंत्राचे वर्तन हुबेहूब वठवणारी आज्ञावली रचून त्या नोंदींची वाट पुन्हा मोकळी केली.

सर्वच काही जपून ठेवणे शक्य नाही, असा आक्षेप घेतला जाईल आणि तो खोटा नाही. परंतु काय टाकावे हे एकट्या हिशेबनिसाने ठरवू नये. विज्ञान-मालिकांचा व जुन्या संगणकांचा दीर्घकाळचा चाहता म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, ज्या वस्तूच्या प्रती अनेक हातांत असतात तीच टिकण्याची आशा अधिक. चाहत्याच्या खासगी प्रतीला सरसकट चोरी म्हणणाऱ्यांनी वरील इतिहास ध्यानात घ्यावा.

हा प्रश्न केवळ ब्रिटनचा नव्हे. १९८४ साली आपल्याकडे शाळांसाठी 'क्लास' हा संगणक-साक्षरता प्रकल्प सुरू झाला, तेव्हा बीबीसीच्याच नावाचे छोटे संगणक निवडले गेले होते. बत्तीस किलोबाइट स्मृतीच्या त्या यंत्रांवर एका पिढीने संगणकाची मुळाक्षरे गिरविली. असे यंत्र, त्याची पुस्तिका वा विद्यार्थ्यांनी लिहिलेली एखादी आज्ञावली कोणा शाळेच्या कपाटात अद्याप पडून असेल, तर ती भंगारात देण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी एखाद्या जाणकाराला दाखवावी. वीजपुरवठ्यातील जुने कपॅसिटर बदलले की अशी यंत्रे पुष्कळदा पुन्हा चालू लागतात.