काठ की गाठ?

श्वास आणि शब्द : भाग ९

या आठवड्यात शिट्टीच्या भाषेकडे वळायचं ठरलं होतं. ते पुढं ढकलतो आहे, कारण तिबेटी रक्तावरच्या गेल्या लेखानंतर सोलापुरातल्याच एका वाचकाचा प्रश्न आला आणि तो बाजूला ठेवण्यासारखा नाही. पावरलूमच्या कारखान्यात माग सुरू झाले की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, तरी कामगारांचं दिवसभर काही अडत नाही. हातवारे आणि ओठांच्या हालचाली यांवर सगळं भागतं. मग एव्हरेस्टवर दम लागून बोलता येत नसेल, तर गिर्यारोहकांनी हातांनीच का बोलू नये, असं ते विचारतात. प्रश्न साधा दिसतो, पण त्यात एक गृहीत दडलेलं आहे. उंचीवर कमी पडतो तो फक्त श्वास, आणि श्वासाला वगळून बोलायची वाट सापडली की संवाद पुन्हा सुरळीत होईल, हे ते गृहीत. ते बहुतेकांच्या मनात असतं. मला मात्र ते चुकीचं वाटतं, आणि ते का चुकीचं आहे हे नीट उलगडलं, तर उंचीशी जुळवून घेणं म्हणजे काय याचाच अर्थ बदलतो.

आधी कारखान्यात जाऊ. तिथल्या खुणा चालतात त्यामागे तीन गोष्टी आहेत. एक, बिघडलेलं आहे ते फक्त ऐकणं. डोळे, हात आणि डोकं शाबूत आहे. दोन, खूण करणारा आणि बघणारा दोघेही तेच काम करतात. धागा तुटला, कांडी संपली, धोटा अडकला, मुकादम आला, एवढ्याच गोष्टींभोवती बोलणं फिरत असल्यामुळे अर्धी खूण झाली तरी उरलेली समजते. तीन, आणि ही सर्वांत महत्त्वाची : खूण कळली नाही तर समोरच्याच्या चेहऱ्यावर ते लगेच दिसतं आणि खूण बदलून पुन्हा करता येते. नवी वेळ आली की नवी खूण जागच्या जागी घडवली जाते. थोडक्यात, एक वाट बंद झाली म्हणून ताज्या मेंदूने दुसरी काढली. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांतही बायका अशाच ओठ वाचत आणि अतिशयोक्त तोंड करून बोलत, आणि त्या बोलण्याला तिथं वेगळं नावही होतं. भाषा वेगळी, देश वेगळा, पण गोंगाट तोच असल्यामुळे उपायही तोच निघाला.

आता डोंगराकडे. श्वासाची अडचण खोटी आहे असं मी म्हणत नाही. बोलणं म्हणजे उच्छ्वासाची उधळपट्टी आहे. आपण झटकन हवा आत घेतो आणि वाक्य संपेपर्यंत ती हळूहळू सोडत राहतो, म्हणजे बोलताना श्वासोच्छ्वासाची स्वाभाविक लय मोडावी लागते. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास. इथं हवेचा दाब पाऱ्याच्या सुमारे ७२० मिलिमीटर, म्हणून ही लय मोडल्याचं आपल्याला जाणवतही नाही. साडेपाच हजार मीटरवर दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. एव्हरेस्टच्या माथ्यावर १९८१ साली प्रत्यक्ष मोजला तेव्हा तो २५३ भरला, म्हणजे जेमतेम तिसरा हिस्सा. तिथं प्रत्येक पावलामागे अनेक श्वास मोजावे लागतात आणि एका वाक्यासाठी श्वास थोपवणं परवडत नाही. इथवर वाचकाचं म्हणणं बरोबर आहे. पण दम तर बसल्यावर ओसरतो. अडचण केवळ दमाची असती, तर तंबूत निवांत बसलेल्या गिर्यारोहकाचं बोलणं ठीक असायला हवं होतं. ते ठीक नसतं, याचा पुरावा आहे.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ फिलिप लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ च्या एका एव्हरेस्ट मोहिमेतल्या पाच गिर्यारोहकांचं बोलणं तपासलं. खालच्या तळापासून वरच्या मुक्कामांपर्यंत, त्यांच्याकडून शब्दांची यादी वाचून घेतली आणि वाक्यं ऐकवून त्यांचा अर्थ ओळखायला लावला. निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाले. उंची वाढत गेली तशी दोन गोष्टी सोबतीने घसरल्या. घोष आणि अघोष व्यंजनांमधलं अंतर कमी झालं, आणि साधी वाक्यं समजायला सुमारे दीडपट वेळ लागू लागला. ज्याचे उच्चार जास्त बिघडले त्याचं समजणंही जास्त मंदावलं, ही यातली लक्षात ठेवण्याची बाब. जीभ आणि समज यांना एकाच ठिकाणाहून फटका बसत होता. लीबरमन यांनी बोट ठेवलं ते मेंदूच्या खोल भागातल्या केंद्रांवर. हालचालींची वेळ जुळवणारी हीच केंद्रं कंपवातातही बाधित होतात. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम दोन टक्के, पण विश्रांतीच्या वेळी लागणाऱ्या प्राणवायूतला वीस टक्के तो घेतो. टंचाई आली की झळ तिथं पोचणारच.

घोष-अघोष म्हणजे काय ते आपल्या भाषेत पाहू. ‘काठ’ आणि ‘गाठ’ हे शब्द गळ्यावर बोट ठेवून म्हणून बघा. दोन्ही वेळा जीभ तोंडात एकाच जागी टेकते आणि तिथूनच सुटते. फरक फक्त वेळेचा आहे. ‘ग’ म्हणताना जीभ सुटण्याआधीच गळ्यातल्या स्वरतंतूंची थरथर बोटाला लागते. ‘क’ला ती जीभ सुटल्यावर सुरू होते. हा फरक सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजण्याइतका बारीक, पण त्यावर अर्थ उभा आहे. लीबरमन यांचे गिर्यारोहक इंग्रजी बोलणारे होते, आणि इंग्रजीला ‘क’ आणि ‘ग’ अशा जोडीवर भागवता येतं. मराठीला क, ख, ग, घ असे चार सांभाळावे लागतात, आणि त्यांतल्या दोघांना वर फुंकरीची जोडही द्यावी लागते. तेव्हा उंचीवर मराठीला गमावण्यासारखं इंग्रजीपेक्षा कमी नाही, उलट जास्तच आहे, असं मानायला जागा आहे. दोरावर असलेल्या माणसाला ‘काठ सांभाळ’ आणि ‘गाठ सांभाळ’ यांतलं नेमकं काय ऐकू आलं, यावर पुढचं पाऊल अवलंबून असतं.

यावर म्हटलं जाईल की ऐकण्यात घोटाळा होतो म्हणूनच तर हात वापरायचे. इथं दीडशे वर्षांपूर्वीचे दोन प्रसंग उपयोगी पडतात, आणि दोन्ही गिर्यारोहणातले नाहीत. बलूनमध्ये माणूस हातपाय न हलवता वर जातो, म्हणून दमाचा मुद्दा आपोआप वगळला जातो. ५ सप्टेंबर १८६२ रोजी इंग्लंडमध्ये हवामानाचे अभ्यासक जेम्स ग्लेशर आणि बलून चालवणारे हेन्री कॉक्सवेल वर गेले आणि आठ हजार मीटरच्याही पुढं पोचले. ग्लेशर यांनी पुढं लिहून ठेवलेला क्रम फार मोलाचा आहे. आधी हात निकामी झाले, मग मान लटकी पडली, मग वाचा आणि दृष्टी गेली. पण कॉक्सवेल त्यांना शुद्धीवर आणण्यासाठी तापमान, निरीक्षण असे शब्द उच्चारत होते, ते मात्र त्यांना ऐकू येत होते. उत्तर देता येत नव्हतं, एवढंच. कॉक्सवेल यांचे हात गारठून बधिर झाल्यामुळे त्यांनी झडपेची दोरी दातांत धरून ओढली आणि दोघे वाचले. दुसरा प्रसंग फ्रान्समधला, १५ एप्रिल १८७५ चा. ‘झेनिथ’ बलूनमध्ये तिघे होते आणि प्राणवायूच्या पिशव्या हाताशी होत्या. आठ हजार मीटर गाठल्याचं गास्तों तिसांदिए यांना ओरडून सांगायचं होतं, पण जीभ हलेना. प्राणवायूची नळी घ्यायला हात उठेना. त्यांना त्रास काहीच जाणवत नव्हता. उलट आपण वर चाललो आहोत याचा आनंदच वाटत होता. बलून खाली आलं तेव्हा त्यांचे दोन्ही सोबती मरण पावले होते.

या दोन प्रसंगांतून वाचकाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं. फार उंचीवर हात हे वाचेला पर्याय उरत नाहीत, कारण दोघांना चालवणारा धनी एकच आहे आणि तोच थकलेला आहे. आणि तिसांदिए यांचा आनंद आणखी गंभीर गोष्ट सांगतो. मेंदूला आपली घसरण कळत नाही, कारण ती ओळखायचं साधनही मेंदूच. मागावरच्या कामगाराला आपल्याला ऐकू येत नाही हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो खूण करतो. डोंगरावरच्या माणसाला आपलं बोलणं अडखळतंय हे ठाऊकच नसतं, मग तो खुणेकडे वळेल कशाला?

यावर तीन आक्षेप येऊ शकतात. पहिला, आता प्राणवायूची नळकांडी असतात. असतात, आणि त्यांनी शेकडो जीव वाचवले आहेत. पण मुखवटा चढला की ओठ झाकले जातात, काळ्या चष्म्यामागे डोळे जातात, आणि कारखान्यात ज्यावर सगळं भागत होतं ती चेहऱ्याची भाषा संपते. शिवाय नळकांडं कधीतरी संपतं, आणि नेमकी तीच वेळ बोलण्याची असते. दुसरा आक्षेप शेर्पांचा : ते तर वर गप्पा मारतात. मारतात, आणि त्यामागची रक्तातली पिढ्यान्‌पिढ्यांची कमाई आपण गेल्या वेळी पाहिली. पण जगातली सर्वांत उंच कायम वस्ती, पेरूमधलं ला रिंकोनाडा, ५,१०० मीटरच्या आसपास आहे. त्याच्या वर कुठल्याच भाषेत कुणी घर थाटलेलं नाही. आठ हजार मीटरवर शेर्पाही पाहुणाच असतो. फक्त आपल्यापेक्षा अधिक तयारीचा.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. कारखान्यातल्या तुटपुंज्या खुणा सोडा, कर्णबधिरांची खूणभाषा घ्या. ती पूर्ण भाषा आहे. तिला व्याकरण आहे, आणि भारतीय सांकेतिक भाषेच्या कोशाच्या २०२१ सालच्या आवृत्तीत १०,००० शब्द आहेत. ती वर का चालू नये? खालच्या तळांवर ती उत्तम चालेल, वाऱ्याच्या आवाजात तर बोलीपेक्षाही सरस ठरेल. पण ती पूर्ण भाषा आहे म्हणूनच तिलाही तोच मेंदू लागतो. बोटांचे आकार आणि हाताच्या हालचाली यांची वेळ तंतोतंत जुळावी लागते, जशी ‘क’ आणि ‘ग’मध्ये जुळावी लागते. शिवाय त्या थंडीत हातात जाड पिशवीसारखे मोजे असतात. त्यांत चारही बोटं एक होतात, म्हणजे खूणभाषेची अर्धी वर्णमालाच पुसली जाते.

मग उरतं काय? फार थोडं, आणि ते आधी ठरवलेलं. हेलिकॉप्टरला द्यायच्या खुणा पाहा. दोन्ही हात वर तिरके उभारले तर ‘हो, मदत हवी’. एक हात वर आणि दुसरा खाली तिरका केला तर ‘नको’. त्यात बोटांना काम नाही, वेळेची नजाकत नाही. आल्प्समधून जगभर गेलेला संकटाचा इशाराही असाच आहे. मिनिटात सहा वेळा इशारा, मग मिनिटभर थांबायचं आणि पुन्हा सहा. उत्तर द्यायचं ते मिनिटात तीन वेळा. शिट्टीने द्या, विजेरीने द्या किंवा फडकं हलवून द्या, मोजता आलं म्हणजे झालं. हे शब्द नाहीत. शुद्धीतल्या मेंदूने खाली बसून केलेले आणि वरच्या अर्धवट मेंदूने फक्त पाळायचे हे करार आहेत. माथा दिसत असला तरी अमुक वाजता मागे फिरायचं, ही परतीची वेळही असाच करार. मे १९९६ मध्ये एव्हरेस्टवर वादळाने आठ जणांचा बळी घेतला, त्या दिवशी काही जण दुपारचे दोन उलटून गेल्यावरही वर चढतच होते. आणि या सगळ्या करारांत मला मोलाचा वाटतो तो मौनाचा. ठरल्या वेळी वायरलेसवर उत्तर आलं नाही, किंवा आलं ते बोबडं आलं, तर ‘दमला असेल’ म्हणायचं नाही. तो बिघाड समजून त्याला खाली आणायचं. ग्लेशर यांना ऐकू येत होतं आणि बोलता येत नव्हतं, हे विसरायचं नाही. विचारणारा विचारत राहिला पाहिजे. उंचीवर बोलण्याचं पहिलं काम निरोप पोचवणं हे नाही; समोरच्याचा मेंदू अजून जागेवर आहे की नाही हे तपासणं, हे आहे.

आता हे आपल्या मातीला लावून पाहू. सोलापूरच्या आनंद बनसोडे यांनी २०१२ साली एव्हरेस्ट गाठलं. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे दहा गिर्यारोहक १५ मे २०१९ रोजी ८,५८६ मीटर उंच कांचनजंगावर पोचले. या माणसांचं रक्त उंचीसाठी इथं तयार झालेलं नसतं, कारण आपलं सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचं, आणि तिथंही हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ऐंशी टक्क्यांवरच असतो. शरीराची जुळवाजुळव हिमालयातच होते. आपलं सैन्य त्यासाठी ९,००० फुटांपासून पुढं सहा, चार आणि चार दिवसांचे तीन टप्पे पाळतं आणि त्यात घाई चालू देत नाही. पण करारांची जुळवाजुळव सह्याद्रीतच होऊ शकते, किंबहुना इथंच व्हायला हवी. सरावाच्या चढाईत तासभर तोंड बंद ठेवून, जाड मोजे घालून, फक्त ठरलेल्या चार-पाच खुणांवर दोर चालवता येतो का हे पाहायला कळसूबाईचीही गरज नाही. गावाबाहेरचा एखादा कातळ पुरतो.

म्हणून त्या वाचकांना माझं उत्तर असं : हातांनी जरूर बोलावं, पण कारखान्यासारखं नव्हे. कारखान्यात खूण त्या क्षणी सुचते, कारण डोकं ताजं असतं. डोंगरावर ती घरून न्यावी लागते, शिधा आणि दोर नेतात तशी, मोजून आणि तपासून. उंचीवर रक्तातल्या तांबड्या पेशी वाढणं ही शरीराची तडजोड झाली. आपलं डोकं वर धड राहणार नाही हे खाली असतानाच मान्य करून ते सोबत्याच्या हवाली करणं, ही माणसाची. शिट्टीची भाषा पुढच्या आठवड्यात, नक्की.