उन्हाचा व थंडीचा कडाका : वाऱ्यांचे कार्य



गेल्या मार्च महिन्यात माहूर तालुक्यातील एका शाळेत भूगोलाचा पाठ पाहण्याचा योग आला. "उन्हाळ्यात ऊन इतके का तापते?" असा प्रश्न गुरुजींनी विचारला आणि "सूर्य डोक्यावर येतो म्हणून" असे उत्तर सर्व वर्गाने एका सुरात दिले. तेवढ्यात मागे बसलेल्या एका मुलीने विचारले, "गुरुजी, मागच्या वर्षी आपण अंगणात काठी रोवली होती. तिची सावली मे महिन्यात नाहीशी झाली, तशी आखाडात ढग फाटले तेव्हाही झाली. मग आखाडात ऊन का तापत नाही?" वर्ग हसला. गुरुजी मात्र हसले नाहीत. "तुझा प्रश्न खरा आहे, आपण उद्या पाहू," एवढेच ते म्हणाले. त्या 'उद्या'साठी हे टिपण लिहिले आहे.

एक सूर्य, दोन महिने

माहूर सुमारे १९.८ उत्तर अक्षांशावर वसलेले आहे. सूर्य कर्कवृत्ताकडे जाताना एकदा आणि तेथून परतताना दुसऱ्यांदा आपल्या माथ्यावर येतो. हे दोन दिवस २० मे व २४ जुलै यांच्या सुमारास पडतात. दोन्ही दिवशी सूर्याची उंची सारखी, दिवसाची लांबीही जवळजवळ सारखी. असे असूनही मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांपर्यंत चढतो आणि जुलैअखेर तो ३० अंशांच्या आसपास राहतो. 'उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो' असेही काही मुले सांगतात. ते तर सर्वस्वी चूक होय. पृथ्वी सूर्यापासून वर्षातील सर्वांत दूर असते, ती जुलैच्या आरंभी.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ऋतू कोणता, हे सूर्य ठरवितो. परंतु त्या ऋतूतील पराकोटीचा दिवस कोणता, हे बहुतांशी वारा ठरवितो. हवा कोठून येते, वरून खाली उतरते की खालून वर चढते, आणि बरोबर बाष्प आणते की कोरडीच येते, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत उन्हाचा व थंडीचा कडाका सामावलेला आहे.

दुसरे उदाहरण घ्या. समुद्रकाठचे डहाणू जवळजवळ आपल्याच अक्षवृत्तावर आहे. तेथील मे महिना माहूरपेक्षा पुष्कळच सौम्य असतो. कारण विचारल्यास मुले 'समुद्रसान्निध्य' असे सांगतील. पण समुद्र नुसता जवळ असून भागत नाही. त्याच्यावरून वारा यावा लागतो. मुंबईत सांताक्रूझ येथे मार्च १९५६ मध्ये तपमान ४१.७ अंशांपर्यंत गेले होते. मुंबईत मार्च महिन्यात असे दिवस येतात, ते जमिनीकडून येणारा पूर्वेचा वारा जोर धरतो आणि समुद्रावरचा वारा सुटण्यास दुपार उलटते तेव्हा. अशा दिवशी समुद्र आपल्या जागीच असतो. बदललेली असते ती वाऱ्याची दिशा.

वरून उतरणारी हवा

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक तापते, हे आपण सर्वांनी हाताला अनुभवले आहे. उलट, व्हॉल्व्ह सैल केला की बाहेर पडणारी हवा गार लागते. हवा दाबली की तापते आणि प्रसरण पावली की निवते. वातावरणातही हाच नियम चालतो. वरच्या थरांतील हवा खाली उतरू लागली म्हणजे खालच्या अधिक दाबामुळे ती आकुंचन पावते, आणि दर किलोमीटरमागे सुमारे १० अंशांनी तापते.

चैत्र-वैशाखात मध्य भारतावर वरच्या थरांत पुष्कळदा अधिक दाबाचे क्षेत्र निर्माण होते. त्यातील हवा सावकाश खाली बसत राहते. या उतरणाऱ्या हवेमुळे तीन गोष्टी घडतात. ती स्वतः तापते. ढग बनू देत नाही, त्यामुळे सूर्याचे किरण अडथळ्यावाचून भूमीवर पडतात. आणि भांड्यावर झाकण ठेवावे तशी ती खालची तापलेली हवा कोंडून धरते. असे क्षेत्र एकाच जागी आठ-दहा दिवस ठाण मांडून बसले, तर कालची उष्णता पुरती निघून जाण्यापूर्वीच आजची तीत मिळते. उष्णतेची लाट म्हणतात ती अशी साठत जाते.

याच दिवसांत जमिनीलगतचा वारा वायव्येकडून, म्हणजे राजस्थानच्या कोरड्या व तप्त प्रदेशाकडून येतो. राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तपमान नोंदले गेले. त्या दिशेची हवा मध्य प्रदेश ओलांडून विदर्भात व पैनगंगेच्या खोऱ्यात उतरली, की आपल्याकडे झळा सुरू होतात.

ओलाव्याचे महत्त्व

मातीच्या माठातील पाणी वैशाखात गार होते, श्रावणात तितके होत नाही. माठातून पाझरलेले पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते. भूमीचेही तसेच आहे. जमिनीत ओल असेल तर सूर्याच्या उष्णतेचा मोठा भाग बाष्पीभवनात खर्च होतो; जमीन कोरडी असेल तर तीच उष्णता सर्वच्या सर्व हवा तापविण्यास मोकळी राहते. म्हणून पावसाने दगा दिल्यानंतरचा उन्हाळा बहुधा अधिक कडक जातो. पॅसिफिक महासागराचे विषुववृत्ताजवळचे पाणी काही वर्षी नेहमीपेक्षा अधिक तापते. यास 'एल निनो' म्हणतात. अशा वर्षी आपला मोसमी पाऊस दुबळा पडण्याचा संभव वाढतो. २०१५ साली असेच घडले. देशात सरासरीच्या ८६ टक्केच पाऊस झाला. त्यानंतर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. हजारो मैलांवरील समुद्राचा आपल्या गावच्या आडाशी असा संबंध पोचतो.

जून महिन्यात अरबी समुद्रावरून बाष्पयुक्त वारे आले की हे सारे चित्र पालटते. हवा उतरण्याऐवजी चढू लागते, ढग सूर्यप्रकाश अडवितात आणि भूमी ओली होते. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे.

थंडीची लाट

मार्गशीर्ष पौर्णिमेस दत्तजयंतीला पहाटे दत्तशिखर चढणाऱ्या यात्रेकरूंना येथील थंडी ठाऊक आहे. ती सैबेरियातून येते असा समज आहे, परंतु तिकडच्या हवेला हिमालय अडवितो. आपली थंडी निराळ्या वाटेने येते. हिवाळ्यात सुमारे १० ते १२ किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगाने वाहणारा वाऱ्याचा झोत, ज्यास जेट वारा म्हणतात, दक्षिणेस सरकून उत्तर भारतावर येतो. त्याच्याबरोबर भूमध्य समुद्राच्या बाजूने कमी दाबाची क्षेत्रे येतात. यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. त्यांच्यामुळे हिमालयात बर्फ व पंजाबात पाऊस पडतो. विक्षोभ पुढे सरकला की त्याच्या पाठीमागून थंड व कोरडी हवा दक्षिणेकडे घसरते आणि विदर्भ-मराठवाड्यापर्यंत पोचते. आकाश निरभ्र असल्याने रात्री भूमीची उष्णता सरळ वर निघून जाते; पांघरूण काढून घेतल्यासारखी तिची स्थिती होते. परभणीस पारा काही हिवाळ्यांत ५ अंशांच्याही खाली जातो, तो याच कारणाने.

वारा निश्चल असेल तर गार झालेली जड हवा उतारावरून ओघळून खोलगट भागात साचते. म्हणून अशा पहाटे टेकडीपेक्षा नदीकाठी थंडी अधिक असू शकते. माहूरच्या शिक्षकांनी गडावर व खाली पैनगंगेच्या काठी एकाच वेळी तपमापक ठेवून हे अवश्य पडताळून पाहावे.

नागपूरला मे २०१३ मध्ये ४७.९ अंश तपमान होते आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश. एकाच गावी सुमारे ४४ अंशांचे हे अंतर आहे. सूर्याने ऋतू आणले. पण या दोन टोकांपर्यंत पारा नेण्यास वाऱ्यांचे साहाय्य लागले.

दूरदेशीचा दाखला

कॅनडात लिटन नावाचे लहानसे गाव आहे. ते सुमारे ५० उत्तर अक्षांशावर असल्याने तेथे सूर्य कधीच माथ्यावर येत नाही. परंतु जून २०२१ अखेर तेथे अधिक दाबाचे क्षेत्र येऊन अडून बसले, हवा उतरत व तापत राहिली, आणि २९ जूनला पारा ४९.६ अंशांवर गेला. दुसऱ्याच दिवशी वणव्याने त्या गावाचा बहुतेक भाग जळून गेला. तिरपा सूर्य असलेल्या गावी आपल्यापेक्षा अधिक ऊन तापावे, यावरून वाऱ्यांच्या अभिसरणाचे सामर्थ्य कळून येते. शिवाय एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या मानाने पृथ्वीचे सरासरी तपमान एक अंशाहून अधिक वाढले आहे. तेच वारे आता वरच्या पायरीवरून चढू लागतात.

शाळेत काय करावे

हे ज्ञान केवळ परीक्षेपुरते नाही. काही वर्षांपूर्वी एका शाळेत एप्रिलच्या दुपारी कवायतीचा सराव चालू असता एक मुलगी भोवळ येऊन पडली. सावलीत नेऊन पाणी शिंपडल्यावर ती सावध झाली, हे तिचे व आमचे सुदैव. वारा दोन दिवस आधीच फिरला होता आणि रात्रीही निवत नव्हत्या; पण या खुणा आम्हांपैकी कोणीच वाचल्या नव्हत्या. त्या दिवशी कवायत पाहण्यास मीही उभा होतो. मे २०१५ मध्ये आपल्या शेजारच्या तेलंगणात व आंध्र प्रदेशात उष्णतेच्या लाटेने दोन हजारांहून अधिक माणसे दगावली, हे ध्यानी घेतले म्हणजे या खुणांचे मोल कळते. म्हणून पुढील गोष्टी कराव्यात :

१. छपरावर कापडी पट्टी बांधून वाऱ्याची दिशा रोज सकाळी व दुपारी मुलांकडून नोंदवावी. जवळच ढगांची स्थिती लिहावी.

२. तपमापक सावलीत, भिंतीपासून दूर, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर व हवा खेळती राहील असा टांगावा. उन्हात ठेवलेला तपमापक हवेचे खरे तपमान दाखवीत नाही.

३. मैदानी प्रदेशात कमाल तपमान ४० अंश वा अधिक असून ते नेहमीपेक्षा किमान ४.५ अंशांनी वाढले, किंवा ४५ अंशांवर गेले, तर हवामान खाते उष्णतेची लाट मानते. खात्याचा इशारा रोज पाहून फलकावर लिहावा.

४. वायव्येचा कोरडा वारा, निरभ्र आकाश व उकाड्याची रात्र हे तिन्ही एकत्र आल्यास दुसऱ्या दिवशी मैदानावरील कार्यक्रम ठेवू नये. हिवाळ्यात ढगाळ, उबदार दिवसांनंतर आकाश मोकळे होऊन उत्तरेचा वारा सुटला, तर प्रार्थना उन्हात घ्यावी.

५. अंग तापून कोरडे पडणे, बरळणे वा शुद्ध हरपणे ही उष्माघाताची लक्षणे होत. मुलास सावलीत निजवून अंग ओल्या फडक्याने पुसावे, वारा घालावा व तत्काळ आरोग्य केंद्रात न्यावे. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालू नये.

वर्षभराची अशी नोंदवही तयार झाली, की मे व जुलै यांची पाने मुलांसमोर शेजारी शेजारी ठेवावी. सूर्याचा रकाना सारखाच दिसेल, वाऱ्याचा व ढगांचा मात्र निराळा. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मग मुलेच आपण होऊन देतील; आणि ज्या दिवशी कवायत रद्द करावयास हवी, तो दिवसही तीच आपणांस आधी सांगतील.