खालून पाणी पिणारी रोपे

ट्रेखाली ओली चटई अंथरून रोपांना पाणी देण्याची पद्धत समईच्या वातीसारखी चालते. वातीतून तेल चढते, तसे चटईच्या तंतूंतून पाणी सरकते आणि ट्रेच्या तळाच्या भोकांतून कोकोपीटमध्ये चढते. यालाच केशाकर्षण म्हणतात. पोकळी जितकी बारीक, तितके पाणी उंच जाते: १ मिलिमीटर व्यासाच्या काचनळीत सुमारे ३ सेंटिमीटर, तर ०.१ मिलिमीटरच्या नळीत सुमारे ३०.

जबलपूरला मे महिन्यात पारा बहुधा ४० अंशांवर असतो आणि उष्ण, कोरडे वारे वाहतात. खरिपाच्या टोमॅटो, मिरची, वांग्याची रोपे याच सुमारास तयार करायची असतात. ९८ कप्प्यांच्या ट्रेत एकेका कप्प्यात जेमतेम दोन-तीन चमचे कोकोपीट मावते. दुपारी ते पाहता पाहता गडद तपकिरीचे फिकट होते. झारीने वारंवार पाणी घातले तर बी उघडे पडते, कोवळी रोपे आडवी होतात आणि पाने ओली राहून बुरशीला वाव मिळतो. चटईवर मात्र वरून जेवढे पाणी उडते आणि मुळे जेवढे घेतात, तेवढेच खालून भरून येते.

या भागाच्या काळ्या मातीला हे तत्त्व नवे नाही. इथल्या हवेली पद्धतीत पावसाळ्यात शेताला चारही बाजूंनी बांध घालून पाणी अडवतात, ऑक्टोबरच्या सुमारास ते सोडून देतात आणि वाफसा आला की गहू, हरभरा पेरतात. मातीच्या सूक्ष्म छिद्रांत धरून ठेवलेली ओल पुढे पिकाला पुरवठा करते.

घरी सपाट फळीवर प्लास्टिक, त्यावर जाड फेल्ट किंवा जुना सुती टॉवेल पसरतात आणि त्याचे एक टोक घमेल्यात सोडतात. सुती कापड लवकर कुजते, फेल्ट टिकते. घमेल्यातले पाणी चटईपेक्षा थोडे खालीच हवे. ते वर असले, तर चटई वक्रनळीसारखी सगळे पाणी बाहेर ओढून टाकते. चटई आणि कोकोपीट आधी भिजवून घेतात आणि ट्रे हलकेच दाबून बसवतात. तळ व चटई यांच्यात फट राहिली की पाण्याचा धागा तुटतो. घमेले भरलेले असूनही वरचे रोप सुकते. चटईच्या उघड्या कडा काळ्या प्लास्टिकने झाकल्या की शेवाळ धरत नाही.

खालून चढणारे पाणी क्षार वर आणून ठेवते. कोकोपीटवर पांढरी कड दिसू लागली, तर ट्रे बाजूला घेऊन वरून भरपूर पाणी घालून क्षार धुऊन काढावेत. चटई सतत चिंब राहिली तर मुळांना हवा मिळत नाही आणि रोपे कोलमडण्याचा रोग बळावतो. म्हणून अधूनमधून टोक घमेल्याबाहेर काढून ठेवतात. मुळे चटईत घुसू नयेत यासाठी दर काही दिवसांनी ट्रे उचलून पाहावा लागतो. लावणीआधीचा आठवडाभर पाणी हळूहळू कमी करत नेले, म्हणजे रोप काटक होते आणि शेतातले ऊन सोसते.